कालवडीचा डोळा आणि राहून गेलेला गेरू

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव वगळून थोडक्यात देतो.

"आमच्याकडे दोन संकरित गाई आणि एक खिलार आहे. खिलार गाय आमच्याच दावणीला जन्मली. तिला पहिल्या वेताला डॉक्टरांनी कांडी भरली (कृत्रिम रेतन केलं) होती, पाडा चांगला झाला. गेल्या वर्षी पाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी ती चुलत दिरांच्या वळूला दाखवली. तिची आईसुद्धा त्याच वळूला दाखवलेली, घरचाच आहे, लांब जायचं कारण नव्हतं. संक्रांतीला कालवड झाली. उजवा डोळा छान आहे, डावा मात्र वाटाण्याएवढा, खोबणीत आत गेलेला. त्यातून सारखं पाणी येतं. सासूबाई म्हणतात, ग्रहणात गाईच्या पोटाला गेरू लावला नाही म्हणून असं झालं. लावायचा राहिला हे खरं आहे. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी ग्रहण होतं, घरात पाहुणे होते, मी विसरले. आता घरात कुणाचं काही बिनसलं की तो गेरू निघतो. सासरे म्हणतात, कुणाच्या नजरेत भरायच्या आत गाय-वासरू बाजारात काढा. शेजारच्या एकानं डोळ्यात तंबाखूचं पाणी सोडायला सांगितलंय. गाय परत माजावर आली आहे. वासराचं काय करू? गाय पुन्हा त्याच वळूला दाखवू का? आणि खरंच माझी चूक झाली का?"

ताई,

तुमच्या पत्रात डोळ्यावर चार ओळी आहेत आणि गेरूवर दीड पान. तेव्हा आधी गेरूच बघू.

भिंतीवरचं जुनं कॅलेंडर अजून असेल तर काढा. 2025चा पाडवा 30 मार्चला होता. गाय दाखवली ती म्हणजे साधारण 4 एप्रिलला. तिथून 14 जानेवारीपर्यंत 285 दिवस होतात, म्हणजे गाय अगदी दिवस भरून व्याली. ग्रहण होतं 7 सप्टेंबरच्या रात्री. बोटं मोजा. त्या रात्री गाय 156 दिवसांची गाभण होती, पाच महिने उलटून गेले होते. आता डोळा कधी घडतो ते बघा. गाईच्या पोटातल्या गर्भाला डोळ्याचे पहिले दोन फुगवटे येतात ते पहिला महिना संपता संपता, म्हणजे तुमच्या गाईच्या बाबतीत अक्षय्य तृतीयेच्या आसपास. डोळ्याचा गोळा वाटाण्याएवढाच राहायचा असेल तर बहुतेक वेळा गडबड तिथेच कुठेतरी झालेली असते. ग्रहण लागलं तेव्हा आखाड-श्रावण होऊन गेला होता, बेंदराला शिंगं रंगवून झाली होती, आणि तो डोळा लहानच होता.

हा हिशोब सासूबाईंसमोर मांडायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी असतो तर वाद घातला नसता. पुढच्या ग्रहणाला गेरू लावून टाका, त्यानं गाईचं काही बिघडत नाही. पण मनातल्या मनात त्याचं ओझं वाहू नका. चूक झाली का म्हणून विचारलंत. गेरूच्या बाबतीत नाही.

आता तुम्ही सहज लिहून गेलात त्या वाक्याकडे येतो: "तिची आईसुद्धा त्याच वळूला दाखवलेली." त्या दाखवण्यातूनच ही गाय झाली असेल तर तो वळू तिचा बाप आहे. म्हणजे लेक बापालाच दाखवली. पत्र वाचताना मी इथेच थांबलो.

यात वळू वाईट ठरत नाही, हे आधी सांगतो, कारण उद्या भावकीत हा विषय निघणार. प्रत्येक जनावराच्या रक्तात काही दोष झाकलेले असतात. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातल्या बोज्यासारखे. रोजच्या वहिवाटीत कुणाला पत्ता नसतो, कागद समोर आला की कळतं. असा एखादा दोष एकाच बाजूनं आला तर दुसऱ्या बाजूची चांगली प्रत त्याला झाकून टाकते. दोन्ही बाजूंनी तोच आला की उघडा पडतो. वळूत असा एक झाकलेला दोष असेल, तर तो लेकीत उतरण्याची शक्यता निम्मी. उतरलेली लेक पुन्हा त्याच वळूला दाखवली तर दर चार वासरांत एकाला तो दोन्हीकडून मिळायचा. दोन्ही गुणून बघा, आठात एक. परक्या गाईला तोच वळू दाखवला तर हा धोका जवळजवळ राहत नाही, म्हणूनच गावात त्याची बाकीची वासरं धडधाकट दिसतात आणि दीर छाती ठोकून सांगतात की माझ्या वळूत खोट नाही. तेही खरंच बोलतात.

लहान डोळ्याचा दोष असा रक्तातून येतो याचं नीट अभ्यासलेलं उदाहरण युरोपातल्या टेक्सेल मेंढ्यांचं आहे. चांगल्या मांसासाठी नावाजलेली जात, थोडक्या नामांकित नरांवर वाढवलेली, आणि तिथे दोन निरोगी दिसणाऱ्या आई-बापांच्या पोटी बिनडोळ्यांची कोकरं जन्मत. आपल्याकडे जतेत माडग्याळ मेंढ्याच्या बाबतीत आणि माण-आटपाडीत खिलार वळूच्या बाबतीत तीच हौस चाललेली दिसते. नाव झालेला एक नर, त्याच्याच लेकी, पुन्हा तोच नर. शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून तर नावाच्या वळूमागे लोक जास्तच लागलेत.

पण एका वासरावरून मी रक्तावर ठपका ठेवून मोकळा होणार नाही. तुम्ही "माझी चूक झाली का" असं विचारता तेव्हा दोषी एकच असणार असं गृहीत धरता. माझ्या अनुभवात एकच दोषी क्वचित सापडतो. तेव्हा आणखी काही गोष्टी आठवून बघा.

पहिली, त्या चैत्रात गाईला काय वैरण होती? नुसता मागल्या सालचा कडबा, की थोडंफार हिरवं? हिरव्या चाऱ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून गाईचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. कडबा वाळला, गंजीत वर्षभर पडला की ते त्यात जवळपास उरत नाही. गाय यकृतातल्या साठ्यावर काही महिने काढते, मग तूट पडते. अमेरिकेत टेक्सासमध्ये फ्रेड हेल नावाच्या संशोधकानं 1933 साली नोंदवलं की अ जीवनसत्त्वाविना ठेवलेल्या एका डुकरिणीला 11 पिल्लं झाली, अकराच्या अकरा बिनडोळ्यांची. पुढे त्याच वंशातल्या जनावरांना पोटभर अ जीवनसत्त्व दिल्यावर पिल्लं डोळस निघाली. तोवर असा प्रकार म्हणजे रक्ताचाच दोष, असंच धरून चालत. तुमच्या बाबतीत मला हे कारण थोडं लंगडं वाटतं, कारण तुटीचा फटका साधारणपणे दोन्ही डोळ्यांना आणि गोठ्यातल्या एकापेक्षा जास्त वासरांना बसतो. तरी या तुटीच्या खुणा विचारून ठेवतो, त्या सालात संकरित गाईंची वासरं कशी निघाली? कुणाची जार अडकली होती? संध्याकाळी अंधार पडल्यावर एखादं जनावर गव्हाणीला धडकत होतं?

दुसरी, पाडव्यानंतरच्या दीड महिन्यात गाईला जंताचं औषध पाजलं होतं का? पावसाळ्याआधी पाजायची पद्धत आहे, चांगली आहे. पण अल्बेंडाझोल गाभण गाईला पहिल्या दीड महिन्यात द्यायचं नसतं, त्यानं गर्भाला इजा होऊ शकते. गाय दाखवल्याची तारीख लिहिलेली नसली की हे चुकतं, आणि ती कुणी लिहीत नाही. तिसरी गोष्ट विषाणूंची. बीव्हीडी नावाचा एक विषाणू गाभण गाईला तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात गाठला तर वासराचा मेंदू आणि डोळे दोन्ही बिघडवतो. ती वासरं मात्र जन्मतःच झिंगल्यासारखी चालतात, पाय फाकवून उभी राहतात. तुमची कालवड नीट चालत असेल तर हे बाजूला ठेवा.

आता कालवडीकडे. उजवा डोळा "छान" आहे म्हणता. दिसायला छान की बघायला छान? एक काम करा. गोठ्याच्या दारात बादली, दोरीचा वेढा, एखादा लाकडी ओंडका आडवातिडवा टाका आणि आईला पलीकडे बांधून कालवड सोडा. भर उजेडात एकदा, दिवेलागणीला एकदा. दोन्ही वेळा वाट काढून गेली तर डोळा चालतोय. हात हलवून बघायचं तर लांबून आणि सावकाश, नाहीतर वाऱ्याची झुळूक लागून ती पापणी मिटते आणि आपल्याला वाटतं दिसतंय.

आणि शेपूट बघा. हसू नका. वासरांत लहान डोळा, वाकडी शेपूट आणि हृदयाच्या पडद्याला छिद्र हे त्रिकूट एकत्र आलेलं बघायला मिळतं. तिन्ही अवयव पोटात लवकर घडतात, बिघाड झाला तर कधी कधी एकत्रच होतो. शेपूट मुळापासून सरळ आहे का, मध्येच पिळल्यासारखी वळलीय का ते हात फिरवून बघा. दूध पिताना दम लागून मध्येच थांबते का, बरोबरीच्या वासरांपेक्षा खुरटी दिसते का, हेही. असेल तर डॉक्टरांकडून छाती ऐकून घ्या. कारण मग प्रश्न डोळ्याचा राहत नाही.

लहान डोळा बरा होत नाही, हे स्पष्ट सांगतो. थेंबानं, इंजेक्शनानं, जडीबुटीनं तो वाढणार नाही. पाणी येतं ते वेगळ्या कारणानं. आतला गोळा लहान असल्यामुळे पापणीला आधार मिळत नाही, ती आत वळते, केस टोचतात. त्यात माशी बसते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून स्वच्छ कापसानं दिवसातून दोनदा पुसत जा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून गुलाबीसर मांसासारखं काही पुढे आलेलं दिसेल, ती तिसरी पापणी असते, वाढलेलं मांस समजून कुणाला कापू देऊ नका. तंबाखूचं पाणी तर अजिबात नको. कांद्याचा रस, चुना, काजळ, मध यांतलंही काही नको. घरात पडलेली मलमाची जुनी नळीही नको, कारण काही मलमांत स्टिरॉइड असतं आणि बुबुळावर जखम असली तर ती त्यानं चिघळते. वारंवार पू धरायला लागला तर तो निकामी गोळा काढून पापण्या शिवून टाकतात. भूल देऊन होणारं नेहमीचं ऑपरेशन आहे ते. गावातल्या डॉक्टरांना जमण्यासारखं नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात न्या.

एका डोळ्याची गाय चरते, गाभण राहते, दूध देते. फरक पडतो तो आपल्या सवयींना. तिची डावी बाजू भिंतीकडे येईल अशी बांधा, म्हणजे माणसं-जनावरं दिसत्या बाजूनं जातील. डावीकडून जावंच लागलं तर आधी हाक मारा, मग हात लावा. नाहीतर दचकून लाथ मारेल आणि मग तिला मारकी म्हणाल. विहिरीच्या काठाला, बांधाच्या घळीला मोकळी सोडू नका. मोठी झाली की धार काढायला उजवीकडूनच बसा.

विकण्याचं म्हणाल तर सासऱ्यांची घाई मला कळते. खिलार जनावराच्या बाजारात डोळा, शिंग, भोवरा सगळं बघतात आणि खोड दिसली की रुमालाखाली बोटांनी ठरणारा भाव लगेच कमी होतो. पण "कुणाच्या नजरेत भरायच्या आत" हे जमणार नाही. खरसुंडीच्या काय किंवा पुसेगावच्या काय, यात्रेत जनावर घेणारा माणूस आधी तोंडच बघतो. आणि गाय का काढताय? तिनं दुसऱ्याच्या रक्ताचा पाडा चांगला दिला होता की! कालवड ठेवणं परवडत नसेल तर खोड सांगून, बाप-आजोबा एकच आहे हेही सांगून द्या. मला विचाराल तर ठेवा. पुढे तिला गाभण घालायची झाली तर पूर्ण परक्या रक्ताची कांडी भरा, आणि तिच्या पोटची कालवड कुठल्याही परिस्थितीत दिरांच्या वळूला दाखवू नका.

याच निमित्तानं बाकीच्या वाचकांसाठी चार शब्द, कारण डोळा लहान-मोठा दिसतो म्हणून येणाऱ्या पत्रांत जन्मजात प्रकार थोडेच असतात. पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायचा: कधीपासून? जन्मापासून लहान हा एक प्रकार. आधी चांगला होता, मग लाल झाला, वर निळसर-पांढरं फूल पडलं आणि दोन-चार महिन्यांत आक्रसला, तर तो डोळे येण्याच्या साथीचा किंवा उसाच्या पात्यानं, कडब्याच्या टोकानं झालेल्या जखमेचा शेवट. फूल दिसताक्षणी इलाज झाला असता तर बहुधा वाचला असता. वासरू हगवणीनं बेजार आहे आणि दोन्ही डोळे खोल गेलेत, पापणी आणि गोळ्यात फट दिसते, तर डोळ्याला काहीच झालेलं नाही, अंगातलं पाणी गेलंय. तिथे डोळ्याचं औषध शोधण्यात अर्धा दिवस घालवला तर वासरू जातं.

डोळा मोठा दिसला तर समोर उभं राहून दोन्ही बुबुळांची रुंदी ताडून बघा. एक बुबुळच मोठं असेल, पृष्ठभाग निळसर, ताणलेला असेल तर गोळा आतून फुगलाय, काचबिंदूसारखा दाब वाढलाय. बुबुळं सारखी आहेत पण एक डोळा पुढे आलाय, तर मागून काहीतरी ढकलतंय: गळू, शिंगाच्या पोकळीतला पू, गाठ. म्हाताऱ्या बैलाचा डोळा पुढे येतोय, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ स्राव येतोय, शिंग हलतंय आणि तो सारखी मान झटकतोय, तर शिंगाच्या कॅन्सरची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

आणि दोन्ही डोळे एकदम बाहेर आले तर? इथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं होती. एका शेतकऱ्यानं दोन महिन्यांचं संकरित वासरू आणलं, दोन्ही डोळे बेडकासारखे बाहेर. कुणीतरी मारलं असेल, डोक्याला लागलं असेल असं मी धरलं, मलम दिलं आणि पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या गोठ्यात गेलो. वासरू मान टाकून पडलेलं, अंग तापलेलं. खांद्यापुढे हात लावला तर लिंबाएवढ्या गाठी, आणि कान उलटला तर आतून गोचिडांची रांग. गोचीड ताप होता. तो लहान वासरांत डोळ्यांच्या मागच्या भागातही सूज आणतो आणि डोळे बाहेर ढकलतो. त्यावरचं खास इंजेक्शन मी दिलं, पण दोन दिवस उशिरा. ते वासरू गेलं. त्यानंतर डोळा बघायच्या आधी मी कान उलटायला लागलो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, गाय माजावर आलीय त्याचा. हा माज सोडून द्या. व्यायल्याला दोन महिने पूर्ण होऊ देत. तोवर वैरणीत रोज थोडं तरी हिरवं, लसूणघास किंवा हिरवी मका, जे असेल ते घाला. पुढच्या माजाला दवाखान्यात सांगून खिलारचीच कांडी भरून घ्या, आणि कांडीवरचा वळूचा नंबर तारखेसकट गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं का होईना लिहून ठेवा. दवाखाना लांब असेल तर 1962 वर फोन केला की फिरतं पथक येतं.

दिरांना काय सांगायचं? खरं तेच, पण वळूच्या बाजूनं: "भाऊजी, तुमचा वळू नावाचा आहे, पण आमची गाय त्याचीच लेक निघाली, आता परत दाखवायला नको." एवढंच म्हणा. आणि त्यांच्या स्वतःच्या दावणीला त्याच वळूच्या किती लेकी आहेत ते त्यांनाच मोजू द्या.

शेपटीचं मात्र मला कळवा.